'खाली सॉलिड खडक आहे, मॅडम!'

सॅम्पल फ्लॅट बघायला आईला बरोबर घेऊन गेले, तिथेच घोळ झाला.

सॅम्पल फ्लॅट म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे. शेल्फवर खोटी पुस्तकं, डायनिंग टेबलावर प्लास्टिकची लिंबं, आणि बेड मुद्दाम नेहमीपेक्षा छोटा, म्हणजे खोली मोठी वाटावी. पुण्यात, बाणेरच्याही पुढे, चौदावा मजला. (फ्रीलान्सरला बँक कर्ज देते का, यावर एक वेगळी कव्हर स्टोरी होईल. आज ते राहू दे.) मी बाल्कनीच्या व्ह्यूवर जाम खूश. आईनं मात्र ना किचन बघितलं, ना देवघराची दिशा विचारली. ती बाल्कनीत उभी राहून खाली खणलेल्या खड्ड्याकडे बघत होती. मग सेल्सवाल्या मुलाला म्हणाली, "इथली जमीन कशी आहे हो?"

तो फॉर्मात आला. "खाली सॉलिड खडक आहे, मॅडम! प्युअर बेसाल्ट. दख्खनचं पठार म्हणजे एकदम स्टेबल. नो टेन्शन!"

आई म्हणाली, "किल्लारीलाही काळाच खडक होता."

त्याला काही संदर्भ लागला नाही. त्यानं आम्हाला क्लब हाउस दाखवायला नेलं.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. आई तेव्हा एकोणीस वर्षांची. तिचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळच. घर त्या भागातल्या सगळ्या घरांसारखं, दगडमातीच्या दोन-तीन फूट रुंद भिंती आणि वर माळवद. त्यांच्या घराची भिंत बाहेरच्या बाजूला पडली. आत पडली असती, तर हा लेख लिहायला मी नसते. शेजारच्या घराची आत पडली. त्या घरातल्या कोणाचंही नाव आईनं मला आजवर सांगितलेलं नाही.

त्या दिवशी परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "आम्हाला शाळेत शिकवलं होतं गं, पठार स्थिर असतं म्हणून."

मी मास कॉमची. भूगोल दहावीच्या पेपरानंतर जो सुटला तो सुटलाच. पण हे वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून मग दोन महिने हाच उद्योग केला. आपण ज्याला 'जमीन' म्हणतो, ती नक्की आहे तरी काय?

सात खंड? कोण म्हणालं?

खंड सात असतात, हे आपण दोन मार्कांसाठी पाठ केलंय. पण नकाशा जरा नीट बघा. युरोप आणि आशियाच्या मध्ये समुद्र कुठे आहे? नाहीच. उरल पर्वतावरून जाणारी सीमा माणसांनी सोयीनं ठरवलेली आहे. उलट न्यूझीलंडच्या आसपास एक भलामोठा तुकडा आहे, झीलँडिया नावाचा. त्याचा ९४ टक्के भाग पाण्याखाली आहे, आणि तरीही तो खंडच आहे, असं भूवैज्ञानिकांच्या एका गटानं २०१७ मध्ये मांडलं. म्हणजे पाण्याच्या वर डोकं असणं हा काही खंडाचा फंडा नाही.

फंडा आहे खडकाचा. समुद्राच्या तळाचं कवच बेसाल्टचं, जड आणि पातळ. जाडी सरासरी ७ किलोमीटर. खंडाचं कवच ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकांचं, वजनाला हलकं आणि चांगलं जाड, सरासरी ३५ ते ४० किलोमीटर. तिबेटखाली तर ७० च्या आसपास. दूध तापवून गार केलं की साय वर येते आणि वरच राहते ना, तसंच. पृथ्वीच्या आतला माल तापत, वितळत, वेगळा होत गेला, त्यात जे हलकं होतं ते वर आलं आणि साठत गेलं. खंड म्हणजे पृथ्वीची साय.

आणि साय बुडत नाही. इथेच सगळी गंमत आहे. समुद्राचा तळ जुना झाला की थंड होतो, जड होतो आणि पुन्हा पृथ्वीच्या पोटात बुडतो. म्हणून २० कोटी वर्षांपेक्षा जुना समुद्रतळ आज शोधून सापडणं मुश्कील. खंडांवर मात्र कॅनडातल्या अकास्टासारखे ४०० कोटी वर्षांचे खडक अजून टिकून आहेत. समुद्रतळ म्हणजे आयटीतली नोकरी, खंड म्हणजे सरकारी. एकदा चिकटला की चिकटला.

आता जरा थांबा. बेसाल्ट हा समुद्रतळाचा खडक असेल, तर पुण्यात तो कसा? सह्याद्री अख्खा काळाभोर आहे! मी पण इथे अडकले होते. उत्तर असं, की आपला काळा खडक हा खंडाच्या डोक्यावर नंतर ओतलेला थर आहे. केकवरचं आयसिंग म्हणा. महाबळेश्वरच्या बाजूला हे आयसिंग दीड-दोन किलोमीटर जाड, आणि पूर्वेकडे पातळ होत जाणारं. खरा खंड त्याच्या खाली. सेल्सवाल्या मुलानं आम्हाला ज्याची गॅरंटी दिली, ते नुसतं वरचं आयसिंग होतं.

लालबागेत उघडा पडलेला खंड

खरा खंड हात लावून बघायचा असेल तर लालबागेत जा. राजा आठवला असेल तर सॉरी, ही बंगळुरूची लालबाग. कामासाठी तिकडे गेले होते, मित्राच्या घरी उतरले आणि सकाळी जाऊन आले. बागेत मध्येच एक बोडका खडकाळ उंचवटा आहे, वर केंपेगौडांच्या नावाची छोटी बुरुजी. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक अशी त्याची अधिकृत ओळख आहे. वय सुमारे ३०० कोटी वर्षं. त्यावर पोरंपोरी कानात इअरफोन घालून स्ट्रेचिंग करत असतात. मी बसले, तिथे बाजूला दोघं चक्क मराठीत अप्रेझलवर बोलत होते.

खडक जवळून बघितला तर करड्या-गुलाबी रेघा दिसतात. मळलेली कणीक दोन रंगांची असावी आणि कोणी ती दाबून ताणावी, तशा. पृथ्वी तरुण होती तेव्हा आधी काळं बेसाल्टचं कवच तयार झालं. त्याचे पाणी मुरलेले तुकडे खोल गेले, तापले, अर्धवट वितळले. त्या वितळण्यातून जो हलका रस वर आला, तो थिजून ग्रॅनाइटसारखा खडक झाला. हे पुन्हा पुन्हा, कोट्यवधी वर्षं. अशी छोटी छोटी बेटं तयार झाली, एकमेकांवर आदळली आणि चिकटली.

आपला देश असाच जोडत जोडत झालाय. दक्षिणेत धारवाडचा तुकडा, मध्ये बस्तरचा, झारखंड-ओडिशाकडे सिंहभूमचा, वर बुंदेलखंडचा, पश्चिमेला अरवलीचा. आजीची गोधडी डोळ्यांसमोर आणा. जुन्या लुगड्यांचे तुकडे, मजबूत दोऱ्यानं शिवलेले. गोधडी पन्नास वर्षं टिकते. पण ती उसवते कुठे? टाक्याशीच.

हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

चंद्रपूर आणि बर्फ

चंद्रपूर म्हटलं की उन्हाळ्यातला तापमानाचा आकडा डोळ्यांपुढे येतो, ४७ नाहीतर ४८. त्याच चंद्रपूर परिसरात हिमनद्यांनी ओरखडलेले खडक आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी विदर्भावरून बर्फ सरकत होतं!

कारण तेव्हा आपण इथे नव्हतोच. खाली दक्षिणेत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका यांना चिकटून होतो. या महाखंडाचं नाव जगभरच्या पुस्तकांत गोंडवाना आहे, आणि ते आलंय आपल्याच मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून. बर्फ गेल्यावर तिथे जंगलं वाढली, आणि त्यांचाच आज विदर्भात दगडी कोळसा झालाय. त्या कोळशाच्या थरांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे मिळतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार उपासमारीनं आणि थंडीनं मेले. शेवटपर्यंत त्यांनी गाडीवरून ओढत आणलेले १६ किलो दगड त्यांच्याजवळ सापडले. त्यात हीच पानं होती.

आणि त्याच १९१२ च्या जानेवारीत फ्रँकफर्टमध्ये आल्फ्रेड वेगेनर नावाच्या जर्मन माणसानं भाषणात सांगितलं, की खंड एकेकाळी एकत्र होते आणि नंतर सरकत लांब गेले. हा माणूस हवामानशास्त्रज्ञ. भूगर्भवाल्यांना वाटलं, हा कोण आमच्या डिपार्टमेंटमध्ये नाक खुपसतोय? बरं, खंड सरकतात ते कशाच्या जोरावर, याचं पटण्यासारखं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तो १९३० मध्ये ग्रीनलँडच्या बर्फात मेला, पन्नाशीचा. तोवर जगातल्या बहुतेकांनी त्याला वेड्यात काढलेलं होतं.

उत्तर समुद्राच्या तळाशी होतं आणि ते एका बाईच्या टेबलावर उमटलं. मेरी थार्प. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कजवळ कोलंबिया विद्यापीठाच्या वेधशाळेत ती समुद्राच्या खोलीच्या आकड्यांवरून नकाशे काढत असे. जहाजावर बायकांना प्रवेश नाही, त्यामुळे आकडे पुरुष आणणार आणि ती टेबलावर बसून रेघा मारणार. अटलांटिकच्या मधोमध जी डोंगररांग आहे, तिच्या माथ्यावरून एक खोल दरी सलग गेलेली तिला दिसली. म्हणजे तिथे समुद्राचा तळ फाटतोय! तिचा सहकारी ब्रूस हीझन यानं हे 'बायकी गप्पा' म्हणून उडवून लावलं. पुढे भूकंपांच्या जागा नकाशावर मांडल्या, तर त्या बरोब्बर त्याच दरीतून जात होत्या. मीटिंगमध्ये आपला मुद्दा कोणी असाच उडवला असेल, तर मेरीताईंना आठवा.

त्या फटीतून नवा तळ तयार होतो, दोन्हीकडे सरकत जातो, आणि दुसऱ्या टोकाला थंड, जड होऊन बुडतो. पलंगावरून चादर घसरताना लोंबणारं टोक बाकीच्या चादरीला ओढत नेतं ना? तसं. पृथ्वीचं वरचं कवच अशा मोठ्या प्लेटांचं बनलेलं आहे आणि बुडणारी टोकं त्यांना ओढत असतात. खंड स्वतः चालत नाही. तो प्लेटवर बसलेला पॅसेंजर आहे.

होम लोन फिटेपर्यंत...

आपला पॅसेंजर भलताच घाईत निघाला. साधारण १३ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून सुटला. ९ कोटी वर्षांच्या सुमारास मादागास्कर मागे पडलं. कर्नाटकात मालप्याला बीचवर गेला असाल, तर समोरच्या सेंट मेरी बेटांवरचे षटकोनी खांब बघितले असतील. ते त्या ताटातुटीच्या वेळच्या लाव्हाचे. मग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपण एका जबरदस्त ज्वालामुखी केंद्रावरून गेलो, आणि आपलं आयसिंग ओतलं गेलं. सह्याद्री, अजिंठ्याचा डोंगर, अंधेरीतला गिल्बर्ट हिल, सगळं त्यातलंच. ते केंद्र अजून जागं आहे. ते आज रीयुनियन बेटाखाली आहे, मुंबईपासून चार हजार किलोमीटरहून लांब. ते जवळपास तिथेच राहिलं, आपण पुढे आलो.

त्या काळात आपला वेग वर्षाला १५ सेंटिमीटरच्या वर गेला होता. खंडांच्या हिशेबात हे म्हणजे एक्स्प्रेसवेवर तुफान गाडी मारणं. आणि मग सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी समोर आशिया आला.

मधला टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली बुडून गेला. पण त्याच्या मागून आलेला भारत म्हणजे साय. तो कसा बुडणार? दोन्हीकडे हलका माल, कोणीच खाली जायला तयार नाही. मग चुरगळलं, घडी पडली, वर आलं. एव्हरेस्टच्या अगदी माथ्यावर समुद्री जीवांच्या तुकड्यांचा चुनखडक आहे, तो त्यामुळेच.

ही टक्कर संपलेली नाही. बंगळुरूच्या आयआयएससीतल्या आणि हैदराबादच्या जीपीएस केंद्रांची नोंद बघितली, तर आपण आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे चाललो आहोत. म्हणजे वीस वर्षांचं होम लोन फिटेपर्यंत तुमचा फ्लॅट एक मीटर सरकलेला असेल! (शेजाऱ्याचाही सरकतो, त्यामुळे खरेदीखताला धक्का नाही.) हे हसण्यावारी नेऊ नका. ऑस्ट्रेलिया आपल्याहून जोरात पळतो, वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर. त्यांचे १९९४ सालचे अधिकृत नकाशे आणि जीपीएस यांत १.८ मीटरचा फरक पडला, म्हणून त्यांना सगळ्या देशाचे अक्षांश-रेखांश नव्यानं मांडावे लागले.

टाका उसवला

आता किल्लारी.

टक्कर हिमालयात आहे, तर हादरा लातुरात कसा? आईचा हाच प्रश्न होता, आणि मला उत्तर मिळालं ते घर शिफ्ट करताना. जुनं लाकडी कपाट भिंतीला टेकलं की पुढे जात नाही. पण मागून आपण लोटतच राहिलो तर? आवाज भिंतीशीच येतो असं नाही. कपाटाच्या मधल्याच एखाद्या जुन्या सांध्यातून येतो. भारतीय प्लेट समोर अडलेली आहे आणि मागून रेटा चालूच आहे. तो दाब अख्ख्या देशात, हजार-दोन हजार किलोमीटर आतपर्यंत पोचतो. आणि आत काय आहे, तर जुन्या टाक्यांची गोधडी.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल बोअर मारलं. वरचा काळा खडक ३३८ मीटरला संपला. मग पातळ गाळाचा थर आणि त्याखाली लालबागेतल्यासारखा, शेकडो कोटी वर्षांचा खंडाचा खडक. तो दाबला जात होता आणि एका जुन्या कमजोर जागी तुटला. रिश्टर वगैरे भाषेत ६.२. जगाच्या हिशेबात हा काही राक्षसी भूकंप नव्हे. पण तो उथळ होता, बरोबर गावांच्या खाली होता आणि पहाटे झाला. वर डोक्यावर मातीचं जड माळवद, भिंतीत दगड आणि चिखल. सरकारी आकडा जवळपास आठ हजार मृत्यूंचा. काही नोंदींत तो त्याहून मोठा आहे.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? नकाशाचा. देशाच्या त्या वेळच्या भूकंप नकाशात किल्लारी झोन एकमध्ये होतं, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या रंगात. कोयनेनं तर ११ डिसेंबर १९६७ लाच दाखवून दिलं होतं की दख्खन हलतं, ६.३ चा धक्का. पण तो धरणाच्या पाण्यानं चाळवलेला, म्हणून अपवाद समजला गेला. किल्लारीच्या भागात १९९२ मध्येही धक्के बसले होते. आई सांगते, लोक तेव्हा काही रात्री अंगणात झोपले आणि मग पुन्हा घरात गेले. शेवटी २००२ मध्ये नकाशा सुधारला, तेव्हा झोन एकच काढून टाकला गेला. आता या देशात 'काहीच टेन्शन नाही' असा रंग नाही. किल्लारी त्यात झोन तीनमध्ये गेलं. पुणे आणि मुंबईही त्या नकाशात तीनमध्येच होती.

कुठला टाका कधी उसवेल, हे आज कोणालाही सांगता येत नाही. एका जागी तो हजारो वर्षांनी एकदा उसवत असेल. घाबरून फ्लॅट घ्यायचाच नाही, असं मी म्हणत नाहीये. पण २६ जानेवारी २००१ ला भूजजवळ केंद्र असलेल्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या कितीतरी नव्या होत्या आणि खाली पार्किंगसाठी मोकळ्या सोडलेल्या, नुसत्या खांबांवर उभ्या. वर प्रत्येक मजल्याला भिंतींचा आधार आणि खालचा मजला पोकळ. हलल्यावर तो आधी बसतो.

आकडा

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा साइटवर गेलो. या वेळी आईचीच इच्छा. सेल्सवाल्या मुलानं लिंबू सरबत मागवलं. आई म्हणाली, "ते राहू दे बाळा, साइट इंजिनिअरला बोलाव."

इंजिनिअर आला, माझ्याच वयाचा, हेल्मेट काखेत. आई त्याला घेऊन थेट सळया बांधत होते तिथे गेली. किल्लारीनंतर पुनर्वसनाची घरं बांधायला लागले, तेव्हा माझा मामा मुकादम होता. दोन वर्षं रोज संध्याकाळी तो घरी येऊन काय बोलत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. आईनं खाली पडलेली कॉलमची एक रिंग उचलली. म्हणाली, "हिचा आकडा आत वळवलाय का नुसताच दुमडलाय?"

झोन तीनच्या इमारतीत रिंगच्या टोकाचा आकडा १३५ अंशांत, काँक्रीटच्या आत घुसेल असा वळवायचा असतो. काटकोनात दुमडला तर जोराच्या हादऱ्यात रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फाकतात. आयएस १३९२० नावाच्या मानकात हे सगळं लिहिलेलं आहे. मी ते दोन महिने वाचून शिकले होते. आईनं अंगठा फिरवून बघितलं.

आकडा आत होता.

इंजिनिअर हसत म्हणाला, "काकू, तुम्ही सिव्हिलच्या का?"

"नाही," आई म्हणाली, "औशाची. आता खालचं पार्किंग दाखवा."